मोठ्या टायरांची थरथर आणि तोल साधण्याची विद्या

मालट्रकला किंवा डोंगरवाटांसाठी उंच केलेल्या जीपला कारखान्याने दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर चढवले की एका ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते, बसण्याची जागा हादरते, आणि काही गाड्यांत तर पुढचा अख्खा अ‍ॅक्सल डावीउजवीकडे झडझडू लागतो. चाक यंत्रावर फिरवून रिमच्या कडेला लहानसे वजन ठोकणे, म्हणजेच व्हील बॅलन्सिंग, हा या तक्रारीवरचा रूढ उपाय होय. परंतु त्याचा इतिहास पाहिला असता असे दिसते की चाकाच्या थरथरीची कारणे एकदम कळलेली नाहीत, तर चाक जसजसे मऊ, वेगवान आणि मोठे होत गेले तसतशी ती एकेक करून उघडी पडली, आणि प्रत्येक वेळी आधीच्या पिढीचा उपाय नव्या कारणापुढे अपुरा ठरला. असमान वजन हे या कारणांपैकी केवळ एक असून चाकाच्या वाटोळेपणातील दोष, ते हबवर बसवण्याची रीत, टायरच्या अंगातला कमीजास्त कडकपणा आणि अ‍ॅक्सलची स्वतःहून डोलण्याची प्रवृत्ती ही त्याची भावंडे आहेत. आजचा जाणता मेकॅनिक ज्या क्रमाने दोष शोधतो, तो क्रम म्हणजे गेल्या शंभर वर्षांतील या अनुभवांचाच साठा आहे.

लोखंडी धाव चढवलेल्या लाकडी चाकाला तोलाची चिंता नव्हती, कारण ते सावकाश फिरत असे. फिरणाऱ्या वस्तूच्या एका बाजूला जादा वजन असेल तर ते बाहेर ओढणारे बल निर्माण करते, आणि हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास चौपट, या हिशेबाने वाढते. त्यामुळे हा प्रश्न प्रथम रस्त्यावर न येता रेल्वेत आला. वाफेच्या इंजिनाच्या मोठ्या चाकांना जोडलेले दांडे फिरताना इंजिन डोलत असे आणि रुळांवर घणाचे घाव बसावेत तसा मार बसत असे. त्याचे गणित मांडून चाकांत प्रतिवजने बसवण्याचा पद्धतशीर विचार फ्रेंच अभियंते लुई ल शातेलिए यांनी १८४९ साली इंजिनांच्या स्थैर्यावरील आपल्या ग्रंथात केला. रस्त्यावरची वाहने मात्र त्यानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ या विचारापासून दूर राहिली. पहिल्या महायुद्धाच्या काळातील मालट्रक भरीव रबराच्या टायरांवर धावत, आणि त्यांचा वेग ताशी २०-२५ किलोमीटरांच्या आसपास असल्यामुळे एक मीटर व्यासाचे चाक सेकंदाला जेमतेम दोन फेरे घेत असे. हेच चाक ताशी १०० किलोमीटर वेगाने धावले तर तेवढ्याच जादा वजनाचा ओढा सोळापट होतो. भरीव टायरच्या गाडीत हादरे भरपूर असत, पण ते रस्त्याच्या खडबडीतपणाचे असत, आणि त्या गोंधळात चाकाचा स्वतःचा दोष कोणाला वेगळा जाणवण्याचे कारण नव्हते.

हवेच्या टायरने ही स्थिती बदलली. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांचे १८४५ चे पेटंट आणि जॉन बॉइड डनलॉप यांचा १८८८ चा सायकलचा टायर यांच्यानंतर मोटारींनी हवेचा टायर लवकर स्वीकारला, पण ट्रकचा भार तो पेलेल यावर उद्योगाचा विश्वास नव्हता. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या टायरनगरीतून गुडइयर कंपनीने १९१७ साली हवेच्या टायरांवरचा मालट्रक बॉस्टनपर्यंत धाडला, तो मुख्यतः हा अविश्वास मोडण्यासाठी. वाटेत टायर वारंवार फुटले, रस्त्यांनी दगा दिला, तरी पुढच्या काही वर्षांत हवेच्या टायरांवरचा ट्रक भरीव टायरवाल्यापेक्षा वेगाने आणि मालाची कमी मोडतोड करून जातो हे सिद्ध झाले. हादरे कमी करण्यासाठी आणलेल्या या टायरने वेग वाढवला, आणि वाढलेल्या वेगाने हादऱ्यांचा एक नवाच प्रकार पुढे आणला.

त्याचे ठळक दर्शन १९२३ नंतर झाले. त्या वर्षी फायरस्टोन कंपनीने बलून टायर बाजारात आणला. तो आधीच्या टायरांपेक्षा रुंद असून त्यात हवेचा दाब बराच कमी, बहुतेक निम्म्याच्या आसपास, ठेवला जाई. गाडी मऊ चालू लागली, आणि त्याच वेळी मोटारींची पुढची चाके विशिष्ट वेगाला पिसाटल्यासारखी डावीउजवीकडे फडफडू लागली. या दोषाला इंग्रजीत आणि फ्रेंचमध्येही शिमी हे नाव पडले. याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागल्यामुळे ती जड झाली होती, आणि त्यामुळे दुखणे अधिक वाढले. मेकॅनिकांनी सांधे आवळले, चाकांवर वजने लावली, दाब वाढवून पाहिला. काही गाड्या सुधारल्या, पुष्कळशा सुधारल्या नाहीत.

या अपयशाने अभियंत्यांना मूळ प्रश्नाकडे वळवले. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रुलिये यांनी १९२५ साली निलंबन, सुकाणू आणि शिमी यांच्या संबंधावर निबंध सादर केला आणि वळणाऱ्या चाकाचा टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्या दिशेनेच तो सरळ जात नाही, तर किंचित तिरका घसरत जातो, ही कल्पना मांडली. आज वाहनशास्त्रात मूलभूत मानला जाणारा घसरकोन तो हाच. त्यांच्यामागोमाग दिमित्री सेन्सो द लावो यांनी शिमी आणि ट्रॅम्प या दोन हालचाली वेगळ्या करून त्यांचा गणिती अभ्यास केला. ट्रॅम्प म्हणजे अखंड अ‍ॅक्सलची दोन टोके आळीपाळीने वरखाली होणे, तर शिमी म्हणजे चाकांनी किंगपिनभोवती, म्हणजे ज्या खुंटीवर चाक वळते तिच्याभोवती, डावीउजवीकडे फिरणे. या दोहोंना जोडणारा दुवा फिरत्या चाकाच्या स्वभावात आहे: वेगाने फिरणारे चाक एका बाजूला कलंडवले की ते सरळ कलंडत नाही, आडवे वळू पाहते. अ‍ॅक्सल डोलला की चाके वळू पाहतात, चाके वळली की अ‍ॅक्सल पुन्हा डोलतो, आणि या चक्राला लागणारी शक्ती गाडीच्या पुढे जाण्यातूनच मिळत असल्याने एकदा सुरू झालेली फडफड वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही. चाकातील असमान वजन या फडफडीला फार तर पहिला धक्का देते. ती पोसली जाते ती अ‍ॅक्सलच्या रचनेवर.

रोल्स-रॉइस सोडून १९३० साली जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात गेलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी यातून काढलेला निष्कर्ष कठोर होता: मऊ टायर आणि मऊ स्प्रिंगा हव्या असतील तर दोन चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सलच पुढून काढून टाकला पाहिजे. १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी रचना मिळाली आणि मोटारींच्या जगात शिमीची दहशत ओसरली. ट्रकांनी मात्र अखंड अ‍ॅक्सल सोडला नाही, कारण तो भार पेलण्यास बळकट, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा होता. दुसऱ्या महायुद्धातील जीपनेही तोच ठेवला. परिणामी १९२० च्या दशकातील हा आजार बरा झाला नाही, तो फक्त एका जातीच्या वाहनांपुरता उरला, आणि अर्ध्या शतकानंतर त्याच वाहनांना प्रचंड टायर चढवण्याची हौस निर्माण झाली तेव्हा तो तसाच्या तसा परत आला.

दरम्यान तोल मोजण्याची विद्या कारखान्यांत स्वतंत्रपणे वाढत होती. फिरणाऱ्या यंत्रभागांचा तोल साधण्याच्या यंत्राचे पेटंट कॅनडातील मार्टिन्सन यांना १८७० साली मिळाले होते, पण त्याची खरी गरज वाफेच्या टर्बाइनांनी आणि विजेच्या मोटरांनी निर्माण केली. जर्मनीत फ्रान्ट्स लावाचेक यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असे यंत्र रचले आणि डार्मश्टाट येथील कार्ल शेंक यांच्या कारखान्याने त्याचे हक्क घेऊन ते विकसित केले. या कामातून दोन प्रकारच्या असंतुलनांतील भेद स्पष्ट झाला, आणि तो भेद पुढे टायरच्या दुकानापर्यंत पोहोचला. चाक आडव्या आसावर मोकळे सोडले असता जड बाजू खाली येऊन थांबते, ते स्थिर असंतुलन. त्यावर समोरच्या बाजूला वजन लावले की चाक कुठेही थांबू लागते. पण जड जागा चाकाच्या आतल्या कडेला आणि तिला तोलणारे वजन समोरच्या बाजूला बाहेरच्या कडेला असेल, तर स्थिर कसोटीत चाक निर्दोष ठरते आणि वेगात मात्र दोन्ही कडांवरचे ओढे त्याला आळीपाळीने पिळू लागतात. हे गतिज असंतुलन. ते ओळखण्यासाठी चाक फिरवावेच लागते, आणि दूर करण्यासाठी रिमच्या दोन्ही कडांवर वेगवेगळी वजने लावावी लागतात. टायर अरुंद होता तोवर पहिली कसोटी पुरेशी होती; टायर रुंद झाला तशी दुसरी अनिवार्य झाली.

गॅरेजांतून या विद्येची दोन साधी रूपे दीर्घकाळ टिकली. पहिले म्हणजे पाणसळीचा काटा: चाक एका टोकदार शंकूवर आडवे ठेवायचे, मधल्या काचेखालचा बुडबुडा कुठे सरकतो ते पाहायचे आणि तो मध्यावर येईपर्यंत रिमवर शिशाची वजने ठेवून पाहायची. दुसरे रूप दुसऱ्या महायुद्धानंतर पसरले आणि त्यात चाक गाडीवरून काढण्याचीही गरज नसे. पुढचा भाग जॅकवर उचलून टायरला खडूची खूण करायची, विजेच्या मोटरवरचे लहान ड्रम टायरला टेकवून चाक जोरात फिरवायचे आणि अ‍ॅक्सलखाली कंपनग्राही तुकडा लावायचा. चाक दर फेऱ्याला ज्या क्षणी उसळे त्याच क्षणी जोडलेला दिवा लखकन चमके, आणि सेकंदाला दहा-बारा वेळा फिरणाऱ्या टायरवरची खूण स्थिर उभी असल्यासारखी दिसे. ती खूण घड्याळातल्या कोणत्या आकड्यावर उभी आहे हे कारागीर लक्षात ठेवी, चाक थांबवून खूण पुन्हा तिथेच आणी आणि त्यावरून वजनाची जागा ठरवी. अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या परिसरात ली हंटर यांनी उभारलेली कंपनी अशा उपकरणांच्या क्षेत्रात आघाडीवर आली. या पद्धतीचा एक गुण पुढे विसरला गेला: ती टायरबरोबर ब्रेकचा ड्रम, हब आणि बेअरिंग यांचाही तोल मोजत असे. १९७० च्या दशकात संगणकीय यंत्रांनी चाक गाडीवरून उतरवून मोजण्याची रीत रूढ केली, तेव्हा आकडे अधिक अचूक झाले, पण गाडीवरच्या ब्रेक ड्रमचा दोष त्या आकड्यांच्या बाहेर राहू लागला.

ट्रकांच्या बाबतीत तोलाच्याही आधी वाटोळेपणाचा आणि बसणीचा प्रश्न होता. अमेरिकी मालट्रकांवर दीर्घकाळ ओतीव आऱ्यांची चाके असत. हबलाच पाच-सहा जाड आरे ओतलेले असत आणि त्यांच्या टोकांवर टायरसह रिम ठेवून ती पाचरांनी व नटांनी आवळली जाई. एखादा नट जास्त आवळला की रिम त्या बाजूला तिरकी बसे आणि चाक लचकत फिरे. म्हणून टायर बदलल्यावर कारागीर जमिनीवर एक ठोकळा टायरच्या बाजूला अगदी जवळ ठेवून चाक सावकाश फिरवी, कुठे फट वाढते आणि कुठे घासते ते पाहून समोरासमोरचे नट सैल-घट्ट करी, आणि लचक साधारण तीन मिलिमीटरांच्या आत आल्यावरच काम पुरे समजे. नंतरच्या सपाट तबकडीच्या चाकांत ही कसरत टळली, पण त्यांतही दोन रीती होत्या. एका रीतीत चाकाचे केंद्र नटांच्या गोलसर तोंडांवर ठरे, आणि नट वेडेवाकडे आवळले किंवा भोके झिजली की चाक केंद्रापासून सरके. दुसरीत चाकाचे मधले भोक हबच्या कडेवर चपखल बसते आणि नटांचे काम फक्त दाबून धरण्याचे उरते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अवजड वाहनांत दुसरी रीत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली, आणि तिच्यासोबत हबच्या कडेवरचा गंज खरवडण्याचे किरकोळ वाटणारे काम महत्त्वाचे ठरले, कारण गंजाचा पापुद्राही मोठ्या चाकाला केंद्रापासून हलवण्यास पुरतो. केंद्रापासून सरकलेले चाक यंत्रावर कितीही नीट तोलले तरी गाडीवर ते उंचसखलच फिरते.

टायरच्या अंगातील दोष मात्र बाहेरून दिसणारा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर टायरमध्ये नायलॉनचे धागे आले. ते बळकट होते, पण रात्रभर उभ्या गाडीच्या टायरला जमिनीकडच्या बाजूला चपटेपणा येई आणि सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी धडधडत चाले, मग टायर तापला की धडधड आपोआप नाहीशी होई. गाडी गरम झाल्यावर थरथर राहते की जाते, हा आजही विचारला जाणारा प्रश्न या काळाची देणगी आहे. मिशलॅनने १९४६ साली पेटंट घेतलेला रेडियल टायर, ज्यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि तळाखाली पोलादी पट्टे असतात, तो १९५० च्या दशकात ट्रकांनाही मिळू लागला. त्याची बाजूची भिंत मऊ असल्याने लहान खड्डे तो गिळतो. परंतु थरांचा एखादा जोड जाड झाला किंवा पट्टा किंचित बाजूला बसला, तर टायर त्या जागी जास्त कडक होतो. असा टायर वजनाने तोललेला आणि मापाने वाटोळा असूनही भाराखाली दर फेऱ्याला एकदा रस्त्याला जोराने रेटतो. वजन लावून हा दोष जात नाही, कारण वजनाचा ओढा वेगाबरोबर बदलतो, तर हा रेटा चाक हळू फिरत असतानाही असतोच.

म्हणून टायरच्या कारखान्यांत भाराखाली टायर फिरवून हा कमीजास्त रेटा मोजणारी यंत्रे बसली, आणि तिथल्या मोजणीचा निष्कर्ष टायरच्या बाजूवर रंगीत ठिपक्यांच्या रूपाने उमटू लागला. सामान्यतः लाल ठिपका सर्वाधिक रेट्याची जागा दाखवतो आणि तो रिमवरील सर्वांत खोलगट जागेच्या खुणेशी जुळवायचा असतो. पिवळा ठिपका सर्वांत हलकी जागा दाखवतो आणि तो व्हॉल्व्हपाशी आणायचा असतो, कारण व्हॉल्व्हमुळे रिम तिथे थोडी जड असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हंटर कंपनीने दुकानातल्या बॅलन्सिंग यंत्रालाच भार देणारा रूळ जोडून हा रेटा टायरविक्रेत्याच्या हाती आणून दिला. टायरची हवा सोडून तो रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला, की टायरचा उंचवटा आणि रिमची खोलगट जागा एकमेकांना झाकतात आणि कित्येकदा वजने न वाढवताही थरथर बरीच कमी होते. चाकाला वजन लावण्यापूर्वी टायर रिमवर नीट बसवावा, हा क्रम येथे पक्का झाला.

मोजमापाची ही विद्या ज्या सेंट लुईस परिसरात घडत होती, तिथेच टायरांच्या आकाराची मर्यादाही उधळली जात होती. त्याआधी कॅलिफोर्नियातील वाळवंटी शर्यतींनी रुंद टायरांची आवड निर्माण केली होती; डिक सेपेक यांनी १९६३ च्या सुमारास वाळूच्या टेकड्यांवर फिरणाऱ्यांना तसे टायर विकण्यास सुरुवात केली, १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातील हजार मैलांची शर्यत सुरू झाली, आणि १९७६ मध्ये बीएफगुडरिचने हलक्या ट्रकांसाठी सर्व वाटांवर चालणारा रेडियल टायर आणला. सेंट लुईसजवळ चारचाकी ओढीच्या गाड्यांचे दुकान चालवणारे बॉब चँडलर यांनी आपल्या १९७४ च्या फोर्ड पिकअपला एकामागून एक मोठे टायर चढवले, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बिगफूट’ या नावाने गाजलेल्या त्यांच्या ट्रकांवर ६६ इंच उंचीचे, म्हणजे मुळात शेतात खत पसरणाऱ्या यंत्रांसाठी बनवलेले टायर आले. ते टायर सावकाश चालण्यासाठी घडलेले असल्याने त्यांच्याकडून वेगातल्या तोलाची अपेक्षाच नव्हती. अशा ट्रकांचा खेळ करणाऱ्यांनी त्यांच्या तळावरचे गट्टू हातांनी कापून वजन उतरवण्याची रीत पाडली. सामान्य हौशी चालकाने मात्र ३५ किंवा ३७ इंचांचे टायर आपल्या रोजच्या गाडीला लावले आणि ते महामार्गावर नेले. खरी अडचण तिथे सुरू झाली.

या अडचणीचे स्वरूप एका हिशेबाने ध्यानात येते. ३७ इंच टायरचा तळ केंद्रापासून सुमारे ४७ सेंटिमीटरांवर असतो, तर तो ज्या १७ इंची रिमवर बसतो तिची कड जेमतेम २३ सेंटिमीटरांवर. तळाच्या रबरात एका बाजूला १०० ग्रॅम जादा असतील, तर त्यांना तोलण्यासाठी रिमच्या कडेला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त, म्हणजे २०० ग्रॅमच्या वर वजन लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला साधारण साडेनऊ फेरे घेते आणि त्या शंभर ग्रॅमांचा ओढा सोळा-सतरा किलोग्रॅम भाराइतका होतो, तोही सेकंदाला साडेनऊ वेळा दिशा बदलत. अखंड अ‍ॅक्सलच्या स्वतःच्या उसळण्याची नैसर्गिक लय सामान्यतः सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांच्या टप्प्यात असते, आणि जड टायर तिला आणखी खाली खेचतो. चाकाचे फेरे आणि अ‍ॅक्सलची लय महामार्गाच्या नेमक्या वेगाला जुळली की लहानसा दोषही मोठ्या हादऱ्यात बदलतो. शिवाय दणकट गट्टूंच्या टायरला वाकडी झीज लवकर येते, म्हणून महिन्यापूर्वी तोललेले चाक पुन्हा बिघडते.

टायर मोठा करायचा तर गाडी उंच करावी लागते, आणि उंचीबरोबर आणखी दोन कारणे चोरपावलांनी येतात. स्प्रिंगा उंचावल्या की किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ज्याला कॅस्टर म्हणतात आणि ज्यामुळे सोडलेले स्टिअरिंग सरळ येते, तो बदलतो. अ‍ॅक्सलला आडवे धरून ठेवणाऱ्या दांड्याचे रबरी बुश आणि टायरॉडचे सांधे जादा भाराने झिजतात, आणि एखादा खड्डा लागताच ब्रुलिये आणि लावो यांनी वर्णिलेली फडफड उसळते. आजच्या अमेरिकी चालकांनी तिला डेथ वॉबल, म्हणजे मरणाची डगमग, असे नाव दिले आहे; ती थांबवण्यासाठी सुकाणूला जादा डॅम्पर लावणे हा लोकप्रिय उपाय दोष झाकतो, काढत नाही. दुसरे कारण प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे मागील अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे: गाडी उंचावली की शाफ्टच्या सांध्यांचे कोन तीव्र होतात आणि असा सांधा दर फेऱ्यात दोनदा अडखळतो. तो ओळखण्याची युक्ती मोजणीत आहे. मागील अ‍ॅक्सलचे प्रमाण चारास एक असेल तर शाफ्ट चाकाच्या चौपट वेगाने फिरतो, म्हणून चाकाची थरथर सेकंदाला दहाच्या आसपास तर शाफ्टची चाळीस किंवा ऐंशी. पहिली हाताला धक्क्यांसारखी जाणवते, दुसरी पायाखाली गुणगुणते. या मोजणीसाठी पूर्वी वेगवेगळ्या लांबीच्या पोलादी पात्यांची फणी असलेले उपकरण वापरत, ज्यात थरथरीच्या लयीशी जुळणारे एकच पाते नाचू लागे.

वजने लावून दमलेल्या ट्रकचालकांनी स्वतःचे उपायही काढले. टायरच्या आत गोल्फचे चेंडू टाकणे ही अमेरिकी मालवाहतुकीतील जुनी लोकरीत आहे, आणि पुढे तिचीच जागा काचेच्या किंवा चिनीमातीच्या बारीक मण्यांनी आणि खास भुकटीने घेतली. त्यामागे खरे भौतिकशास्त्र आहे: चाकाचे फेरे त्याच्या उसळण्याच्या नैसर्गिक लयीच्या वर गेले की आतील मोकळे मणी आपोआप हलक्या बाजूकडे सरकतात, पण त्या लयीच्या खाली ते जड बाजूकडे जातात आणि दोष वाढवतात. म्हणून लांब पल्ल्याच्या ट्रकला ते मानवतात, तर वाकड्या रिमवर किंवा अखंड अ‍ॅक्सलच्या फडफडीवर त्यांचा काही इलाज चालत नाही. वजनांचे शिसेही या काळात वादात सापडले. रस्त्यावर निसटून पडणाऱ्या वजनांची अमेरिकेतील अल्बुकर्की शहरात मोजदाद करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशभरात वर्षाला सुमारे १५ लाख किलोग्रॅम शिसे असे सांडत असावे असा अंदाज केला. युरोपीय संघाने २००५ पासून मोटारींसाठी आणि कॅलिफोर्नियाने २०१० पासून अशा वजनांवर बंदी घातली. त्याच्या जागी आलेले जस्त आणि पोलाद शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनासाठी जास्त मोठा तुकडा लागतो, आणि मोठ्या टायरच्या बाबतीत रिमच्या कडेवर जागाच अपुरी पडते. त्यामुळे टायर आधी नीट बसवण्याचे महत्त्व आणखी वाढले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध जीप आणि ट्रक या दोन वाटांनी येतो. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जुळवलेल्या विलीज जीपचा पुढचा अ‍ॅक्सल अखंडच होता, आणि किंगपिनचे बेअरिंग झिजून सैल झाले की स्टिअरिंग थरथरते हे इथल्या मिस्त्रींना तोल मोजणारी यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी हाताने ठाऊक होते. मुंबईत १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सिएटसारख्या कंपन्यांनी ट्रकांसाठी बनवलेले नायलॉनचे ट्यूबवाले टायर कमी वेगात जड भार ओढत, त्यामुळे मालट्रकची चाके तोलण्याची चाल फारशी पडली नाही. टायर अदलाबदल करणे आणि ग्रीसिंग एवढ्यावर भागे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखे रस्ते आणि त्यानंतर ट्रकांत वाढत गेलेले रेडियल टायर यांनी ती गरज इथेही आणली. सह्याद्रीच्या वाटांवर नेण्यासाठी गाड्यांना मोठे टायर लावणाऱ्यांपुढे मात्र तांत्रिक प्रश्नाबरोबर कायदाही उभा आहे, कारण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली वाहनात मूळ रचनेबाहेरचे बदल करण्यावर निर्बंध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्या निर्बंधांचा कडक अर्थ लावला.

या सर्व टप्प्यांचा हिशेब मांडला तर दोषशोधनाचा आजचा क्रम उलगडतो. आधी थरथर कोणत्या वेगाला येते, टायर तापल्यावर टिकते का आणि तिची लय चाकाची आहे की शाफ्टची हे विचारायचे. मग हबची कड खरवडून आणि नट समोरासमोरच्या क्रमाने ठरल्या जोराने आवळून चाक केंद्रात आणायचे. मग चाकाचा उंचसखलपणा आणि बाजूची लचक मोजायची, टायर रिमवर फिरवून बसवायचा, आणि त्यानंतरच वजने लावायची. एवढे करूनही अ‍ॅक्सल फडफडत असेल तर चाकाला दोष देणे सोडून सांधे, बुश आणि कॅस्टर यांकडे वळायचे. दुकानात हा क्रम सहसा उलटा होतो, कारण वजन ठोकणे हे या साऱ्यांत सर्वांत सोपे आणि स्वस्त काम आहे. लहान टायरच्या बाबतीत ही घाई खपून जाते, कारण तिथे बहुतेक वेळा दोष खरोखरच वजनाचा असतो. टायर जितका मोठा, तितका वजनाचा वाटा कमी आणि बसणीचा, कडकपणाचा व अ‍ॅक्सलचा वाटा जास्त होत जातो. बलून टायरच्या काळात शिशाने शिमी थांबली नव्हती, आणि ३७ इंची टायरच्या काळातही ती शिशाने थांबत नाही.